थकबाकी

पहिल्या मोसमात आठ संघ.
अजमानच्या माझ्या लाँड्रीत रात्री जर्सींचे ढीग,
कोपरांवर गवताचे डाग.
वाळवंटात गवताचे डाग!
बायकोला फोन करून सांगितलं होतं.

दुसऱ्या मोसमात पाच, मग तीन.
मॅनेजर म्हणायचा, बिल ईदनंतर.
कुठली ईद ते बोलला नाही.
घानाचा क्वाबेना स्वतःच मोजे घेऊन आला,
पगार नाही, धुशील का?
धुतले.

मैदानावर पाणी मारणारा टँकर आता बांधकामावर जातो.

एकशे बारा जर्सी न्यायला कुणी येईना.
शेवटी शुक्रवारी कॅम्पातल्या पोरांना वाटून टाकल्या.
दोन्ही बाजूंना हिरव्याच,
कोण कुणाचा, त्यांनाच ठाऊक.

शनिवारी धुवायला आल्या.
नुसती वाळू.
झटकली की गेली.