लक्ष असू द्या

त्र्याहत्तर साली शिक्षण खात्याचं एक पाकीट आलं,
आत छापील चिठ्ठ्या, बोटाच्या पेराएवढ्या.
भिंतीवरच्या नकाशांतलं जुनं इंग्रजी नाव झाकायचं होतं.
गंगावेशीतल्या श्रीपती जिनगरांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी,
खळ शिजवली, चिमूटभर मोरचूद टाकला,
आणि केरळच्या डावीकडं, भर समुद्रात,
अंगठ्यानं दाबून बसवलं:
लक्षद्वीप.

मी ठिपके मोजले. अकरा.
"बाबा, लाख कुठायत?"
"पंचगंगा म्हणतीस न्हवं? नद्या किती बघितल्यास?"
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती.
पाचवं बोट दुमडलेलंच राहिलं.
"ती खालनं वाहती. तिला वगळून
अंघोळ केलीय का कुणी?"

एकोणीसच्या ऑगस्टात सुतारमळा बुडाला
आणि माझी शाळा बेट झाली.
सातवी ब मध्ये नव्वद माणसं, तीन शेळ्या,
कुणाचा तरी शिलाई मशीनचा पाय,
ओल धरलेला तो नकाशा.

बोटीवरचा नौदलाचा पोरगा, हमसा कोया,
बूट काढून भात खायला बसला त्याच्यासमोर.
चिठ्ठी एका कोपऱ्यावर लोंबत होती,
मागनं इंग्रज डोकावत होता
भाडं थकलेल्या बिऱ्हाडासारखा.
पोरानं पानातली चार शितं उचलली,
नखानं चुरली, कागदाला फासली,
मग अंगठा टेकवून उभाच राहिला.
हिंदीत म्हणाला, "घर इथं आहे, बाई.
अंगठ्याखाली. गावासकट मावतं."

मी त्याला लाखाचं विचारलं नाही.
त्या सकाळी छपरांवरची माणसं मीही मोजली होती,
दर वेळी आकडा निराळा.

तीस वर्षं फळ्यावर पट्टी आपटून मी ओरडत आले,
लक्ष द्या, लक्ष द्या!
आणि तो शब्द त्या चिठ्ठीत आहे
हे माझ्याच लक्षात आलं नव्हतं.
कुणीतरी देशाच्या काठावर, पार पाण्यात,
आकडा लिहिताना विनंती लिहून ठेवली होती.
की तंबी?

संध्याकाळी बोट सुटली.
खिडकीतनं मी आपलं नेहमीचं म्हणाले,
"लक्ष असू द्या हं आमच्याकडं."
मराठी त्याला कुठलं.
एवढा एकच शब्द ऐकू गेला असावा,
कारण तो हसला,
वल्हं उचलून रंकाळ्याच्या अंगाला दाखवलं:
तिकडं. लांब. हो, तिकडंच.