अठ्ठ्याण्णव

उजव्या हाताने चालत जायचं, दर पाचवं घर घ्यायचं,
कुलूप असेल तर सहावं.
गोळीबार चौकात घरं एकमेकांच्या अंगावर रेललेली,
एका दारातून तीन चुली दिसतात.
त्यातलं पाचवं कुठलं,
हे धरमपेठेतल्या एसी हॉलमधल्या ट्रेनिंगात सांगितलं नव्हतं.

मे महिना. टॅब असा तापतो
की मी तो ओढणीत गुंडाळून छातीशी धरते.
लोक आधी डोकावून बघतात, मूल आहे का म्हणून.
तरी मधेच बंद पडतो
आणि देश प्रश्न सातवर अडकून राहतो :
योग्य दिशेने चाललाय, की चुकीच्या?

निंबाजी पराते खड्ड्यातून पाय काढत नाहीत.
"दिशा म्हणजे? धोटा इकडून तिकडं जाते,
तिकडून इकडं येते.
कापड मात्र पुढंच सरकते बाप्पा."
मग योग्य लिहू का, काका?
"सरकते म्हणलं मी.
इकून राहिलं असं कुठं म्हणलं?"

असा पर्याय नाही.
पूर्ण योग्य आहे, थोडं योग्य आहे, थोडं चूक, पूर्ण चूक,
आणि सगळ्यात खाली, मोठ्याने वाचायचा नाही असा
अठ्ठ्याण्णव : सांगता येत नाही.

अठ्ठ्याण्णव तीनदा आला की फॉर्म बाद.
फॉर्मचे नव्वद रुपये.
म्हणून मी पुन्हा विचारते, आवाज मऊ करून,
आणि माणसाला मत होईस्तोवर
त्याच्या उंबऱ्यावर बसून राहते.

प्रश्न अकरा. गेल्या वर्षीपेक्षा घरची परिस्थिती?
हंसापुरीत कमल सोनकुसरेच्या आधी
चौकटीतून नवरा बोलला : सुधारली.
मी दाबलं.
तो चप्पल सरकवून पानठेल्यावर गेला,
तशी ती हळूच म्हणाली,
"पहिले सिलिंडर सव्वा महिना जाये.
आता दोन महिने पुरवतो मी.
तं सुधारलीच म्हणा नं.
माह्यात सुधारणा झाली."

इंदोऱ्यात एक मुलगा, खिडकीभर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं,
त्याने मलाच विचारलं, नमुना किती, चूक किती टक्के धरता,
आणि पेपर फुटला त्याचा प्रश्न कुठाय?
बेरोजगारीत येईल, मी म्हटलं.
"बेरोजगारीत मी येतो ताई. पेपर वेगळा."
"इतर"च्या चौकटीत चाळीस अक्षरं मावतात.
त्याचं वाक्य "आम्ही तीन वर्षं" एवढ्यावर तुटलं असेल.

जुन्या मंगळवारीत एका म्हाताऱ्याने काठी आडवी धरली.
तू कोन्या पार्टीची?
कोणाचीच नाही आजोबा, कंपनीची.
अन् कंपनी कोन्या पार्टीची?
मी टॅबकडे बघितलं.
माझ्यासाठी त्यात एकच आकडा होता.

रविवारी तर्री पोह्यांच्या गाड्यावर उभी होते.
समोरच्या मोबाईलच्या दुकानात टीव्ही लागलेला,
रंगीत खांब वर चढत होते, निवेदक ओरडत होता,
सगळ्यांची बेरीज बरोब्बर शंभर.
एकदम कडेला, राखाडी, बोटाच्या पेराएवढा :
सांगता येत नाही, दोन टक्के.
बाजूचा माणूस ओठाची तर्री पुसत म्हणाला,
"कोणाले इचारतेत बे हे?
आपल्याले तं जिंदगीत कोणी इचारलं नाही."
मी पिशवी पायांमधे सरकवली
आणि गाडीवाल्याला म्हटलं, भाऊ, चणे टाका अजून.

परातेंना मात्र बुधवारीच फोन गेला होता.
दहातल्या एका घरी करतात, खात्रीसाठी.
सुपरवायझरने मला हसत हसत ऐकवलं :
मुलगी आली होती का तुमच्याकडे?
आली होती नं.
काय काय विचारलं?
थे काही ध्यानात नाही साहेब.
दोन गिलास पाणी पेली.
तिसरा मी देऊन राहिलो होतो,
तं घड्याळाकडे पाहून उठली.

फॉर्म धरला त्यांनी.