छाट

विड्या मी तेलुगूत मोजते,
पैसे मराठीत
आणि लाथा जपानीत.
ओकटी, रेंडू, मूडू, सुपातल्या.
इची, नी, सान, समाजमंदिराच्या शहाबादी फरशीवर,
जी मे महिन्यात संध्याकाळी सातलाही
तळपायाला तव्यासारखी लागते.

आधी मी फक्त लावण्याला सोडायला जायची.
भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन बसायची.
एकदा दुधनीकर सर म्हणाले,
"बाई, पोरांना तंबाखूचा ठसका लागतो.
सूप घरी ठेवा, नाहीतर रांगेत उभ्या राहा."
गमतीनं म्हणाले असतील.
मी पदर खोचला आणि शेवटच्या रांगेत उभी राहिले,
सात वर्षांच्या एका पोराच्या मागं.
तेव्हा मी अडतीसची.

लावण्यानं नारंगी पट्ट्यावर सोडलं.
आधी दहावी आली, मग मोबाईल, मग पुणं.
मी नाही सोडलं.
का, ते विचारू नका. नवऱ्यानं विचारलं होतं,
रात्रपाळीहून आल्यावर, मागाचा खडखडाट कानात तसाच घेऊन.
उत्तर त्याला ऐकू गेलं नसतंच.

हातांना शिकवावं लागलं नाही.
पान कातरायचं, जर्दा भरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा आवळायचा,
रोज हजारदा.
सर म्हणाले, एकच ठोसा हजारदा मारायचा.
मी म्हटलं, एवढंच?

पाय मात्र अडून बसले.
पंचवीस वर्षं मांडी घातलेले पाय,
त्यांना उंबऱ्याएवढं उचलायची सवय.
रात्री तेल लावायची, गुडघ्यांची समजूत काढायची.

आणि ओरडणं.
"पोटातून, पोटातून आवाज काढा!"
पोटात आवाज नव्हता हो.
तोंड उघडलं की खोकला यायचा.
पहिल्या परीक्षेत तिथंच गेले.
कागदावर लिहून आलं: आवाज नाही.
त्या रात्री ज्वारीच्या रिकाम्या पिंपात डोकं घालून ओरडून पाहिलं.
पिंप माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडलं.
शेजारची यल्लव्वा कंदील घेऊन आली, विंचू चावला का विचारायला.

दुसऱ्या वर्षी आवाज आला.
कुठून आला काय माहीत. पत्र्यावरची कबुतरं उडाली,
आणि समोरच्या पोराच्या डोळ्यांत दिसलं
की कुणीतरी मला घाबरलंय.
आवडलं नाही.
थोडं आवडलं.

काळा पट्टा नवा होता, खळ न गेलेल्या चादरीसारखा ताठ.
गाठ बसेना. सर पुढं झाले.
म्हटलं, राहू द्या,
गाठींचंच खाते मी.

घरी नवऱ्यानं तो अंगठा आणि बोटात धरून चोळला,
पेठेतलं कापड पारखतात तसा.
"सूत चांगलंय," म्हणाला. "रंग जाणार पण."
"जाऊ दे की," म्हटलं.
मग त्यानंच तो खुंटीवर टांगला,
स्वतःचा सदरा काढून.

सोमवारी कारखान्यात चेकरनं नेहमीसारखी
मूठभर विडी बाजूला फेकली. न बघता. छाट.
पंचवीस वर्षांत त्या मुठीतनं
माझं एक अख्खं घरकुल गेलं असेल.
पट्टा खुंटीवर होता. अंगावर जुनीच साडी.
पाय खांद्याएवढे उघडले गेले, आपोआप.
श्वास खाली गेला.
ओरडले नाही.
"एकेक दाखवा," म्हटलं. "कुठली का छाट, ते सांगा."

मागची रांग गप्प झाली.
कुणाची तरी कातर खाली पडली.
त्यानं एक विडी उचलली, फिरवली, माझ्याकडं पाहिलं,
परत कट्ट्यात ठेवली. मग दुसरी.
बावीस परत आल्या.

तीन खरंच सैल होत्या.
त्या मीच बाजूला केल्या.