बावन्न मिनिटं

डिचोलीच्या बसस्टँडमागे माझं दुकान.
चार्जर, झेरॉक्स, प्रिंटरची शाई,
आणि पाटी रंगवणाऱ्यानं आपणहून घातलेले
दोन जास्तीचे शब्द : सर्व काही.
त्या शब्दांवर विसंबून लालन मयेकर आल्या.
पिशवीत भाच्याचा जुना लॅपटॉप, विटेएवढा जाड,
खाली नीरफणस.

नऊ अभंग. वडिलांच्या आवाजातले.
विकत घेतलेले, त्यांनी पुन्हा सांगितलं, विकत,
भाच्यानं बहारीनहून, स्वतःच्या कार्डावर.
पणजीच्या कंपनीनं रेकॉर्डिंग केलं तेव्हा
बाबांना अकराशे रुपये दिले आणि एक नारळ.
कॉपी दिली नाही.
आता गाण्यावर बोट ठेवलं की चौकट उघडते :
परवाना तपासत आहे.
तपासत आहे.
ज्याला विचारायचं ते दुकान
इंटरनेटवरून कधीचंच उठलंय,
जाताना किल्ली घेऊन गेलंय.

मी म्हटलं, फाइल शाबूत आहे, बाई.
सूर, टाळ, मधले श्वास, सगळं आत आहे,
फक्त दारावरचा राखणदार
मेलेल्या धन्याच्या हुकमाची वाट बघत उभा आहे.
खरं म्हणजे मी असं काही म्हटलं नाही.
दुकानात मी असं बोलत नाही.
मी म्हटलं, लॉक आहे. बघतो.

कुलूप तोडायची अवजारं असतात.
माझ्याकडचं एकही या जुन्या कुलपाला बसेना.
मग गावठी उपाय.
वाय-फाय बंद केलं,
कोपऱ्यातल्या घड्याळावर गेलो
आणि वर्षं मागे ढकलत राहिलो
शेवटची परवानगी मिळाली होती त्या दिवसापर्यंत :
अकरा फेब्रुवारी, दोन हजार नऊ.
मशीननं विश्वास ठेवला.

हेडफोनच्या भोकातून एक वायर
माझ्या कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात.
इकडे वाजू द्यायचं, तिकडे भरून घ्यायचं.
घाई चालत नाही.
बावन्न मिनिटांचं गाणं
चोरायलाही बावन्न मिनिटंच लागतात.

तिसऱ्या अभंगाआधी म्हातारा खाकरला
आणि कुणाला तरी म्हणाला,
'पेटी मातशी वयर घे रे.'
कंपनीनं ते कापायचं विसरलं होतं.
लालनबाईंनी पदर सारखा केला,
वडील खोलीत आल्यावर करावा तसा.

पाचव्यात लॅपटॉपची बॅटरी बोंबलली,
टुंग,
तेही भरलं गेलं.

सातव्याच्या सुमारास त्यांचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं.
'आज फेब्रुवारी?'
'यात.'
'नऊ सालचा?'
'यात, हो.'
'म्हणजे शिवरात्र जवळ आली.
बाबा कुळागरात असतील, पाणी सोडायला.'
बाहेर साखळीची बस रिव्हर्स घेत होती,
कंडक्टर पत्रा बडवत होता.
मी वायर उगाच दाबून बघितली.

पेनड्राइव्हवर नऊ फाइली. नुसती नावं आणि आकडे.
'आता कुणालाही देता येतील?'
'कुणालाही. कितीही वेळा.'
त्या खूश होतील असं वाटलं होतं.
त्या जरा घाबरल्याच.
'कुणालाही,' त्या स्वतःशीच म्हणाल्या,
आणि पेनड्राइव्ह रुमालात बांधला,
वर आणखी एक गाठ मारली.

'तारीख पुढे करू?'
'राव मातशें.'
चहा आला. त्यांनी सावकाश प्यायला,
बशीत ओतून, तळाचा गाळ राहीपर्यंत.
'कर आतां.'

पाचव्यातली टुंग काढता येईल का,
त्यांनी विचारलं नाही. मीही सुचवलं नाही.
पावतीवर काय लिहावं याचा थोडा विचार केला,
कायदा असतोच कुठेतरी,
आणि लिहिलं : कीबोर्ड साफ केला. दीडशे.

नीरफणस विसरून गेल्या की ठेवून गेल्या,
कळलं नाही.