सात आठे

रॉचडेल, फेब्रुवारी त्र्याऐंशी.
शाळेच्या हॉलमध्ये ओल्या कोटांचा वास,
जुन्या कपड्यांच्या विक्रीतून जमलेले दोनशे बारा पौंड,
आणि प्रश्न एकच :
कॉम्प्युटर, की छपराची डागडुजी?

सुतारकाम शिकवणारे ऑर्मरॉड आधी उठले.
म्हणाले, पाच वर्षांत हे कपाटात पडेल,
फिल्मस्ट्रिपच्या प्रोजेक्टरशेजारी,
फ्रेंच शिकवणाऱ्या त्या टेपांशेजारी.
त्या आल्या तेव्हाही तुम्ही टाळ्याच वाजवल्या होत्यात.
रंधा मात्र अजून चालतो.

मिस थ्रेलफॉल, वय तेवीस, बाहीला खडू,
म्हणाली, घरोघरी असेल हा, किटलीसारखा.
‘कशाला?’ मागून कुणीतरी.
ती अडखळली. ‘पाककृती लिहून ठेवायला... हिशेबाला...’
हॉल खदखदला.
माझी वाणसामानाची यादी माझ्या पर्समध्ये होती,
गॅसबिलाच्या पाकिटावर, पेन्सिलीनं.
मी हसले. मग वाईट वाटलं.

ब्रिंडलनं टोपी काढली नाही.
‘गिरणीत नवे माग आले तेव्हा
आम्हालाही असाच चहा पाजला होता. बिस्किटंसुद्धा.’
एवढंच बोलून खाली बसला.
मग बराच वेळ
कोपऱ्यातली बादलीच बोलत राहिली,
टप्.
टप्.

मी विरोधात बोलायचं ठरवून आले होते.
पावकी, निमकी, दिडकी
मी सांगलीत शिकले, वडील सायकल पुसत असताना.
त्यांच्या हातातलं फडकं थांबलं
की समजायचं, चुकलं.
असं फडकं कुठल्या यंत्राला आहे?
असं म्हणणार होते. वाक्य पाठ होतं.

पण गेल्या मंगळवारी
उसन्या आणलेल्या यंत्रापुढे मी कॉलिनला बसवलं.
तोतरा. दोन वर्षांत हात वर केलेला नाही.
कॅसेट पाच मिनिटं किंचाळली,
मग पडद्यावर : सात गुणिले आठ?
त्यानं चोपन्न लिहिलं.
चूक. पुन्हा प्रयत्न कर.
त्रेपन्न. चूक. पुन्हा प्रयत्न कर.
अकरा वेळा.
यंत्रानं एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.
मी पाहते.
बाराव्यांदा छप्पन्न,
आणि तो हसला,
पडद्याकडे बघून.

हे मी हॉलमध्ये सांगितलं.
हे नाही सांगितलं, की चोपन्न म्हणजे सहा नवे,
की पोराच्या डोक्यात नवाचा पाढा
शेजारच्या खोलीत राहतो, मधलं दार उघडं आहे,
आणि ते दार यंत्राला दिसलं नाही.
मला दिसलं.
पण मी तरी कुठे विचारलं त्याला?
एकोणतीस मुलं. घंटा. बादली ओतायची होती.

हात वर झाले. चौदा विरुद्ध तेरा.
ब्रिंडलचा हात कुठेच नव्हता,
माझा वर होता, कोपरातून जरा वाकलेला.

खुर्च्या एकावर एक रचताना
ऑर्मरॉड जवळ आले,
खिशातून घडीची मोजपट्टी काढली.
आणायचंच, तर टेबल तरी नीट हवं.
त्या तुमच्या पोराची उंची किती?

मी हात धरून दाखवली.
मग आणखी थोडा वर धरला,
वाढतं वय आहे.