हद्दीचा दगड

पाटणच्या वनकचेरीत मुलाणीसाहेबांनी
परवाना पुढं सरकवला, पण वरचं बोट काढलं नाही.
"वाचा. मोठ्यानं."
मी वाचलं, शाळेतल्यासारखं:
फक्त रानडुक्कर. तेही पिकात.
जंगलात शिरलं की सरकारचं.
मेलं तर कळवायचं. पंचनामा होईल.
खड्डा तुम्ही खणायचा.
"आणि मटण?"
ते हसले नाहीत.
"पोरं पाठीमागं असलेली मादी..."
इथं कागद घडीवर फाटला होता,
पुढचं त्यांनी तोंडानं सांगितलं.

आमच्या तातोबा आज्याला असलं काही वाचावं लागलं नाही.
त्यानं मारलेल्या चौशिंग्याचं डोकं अजून भिंतीवर आहे,
काचेचा एक डोळा गळालेला.
दिवाळीत आई ते ओल्या फडक्यानं पुसते
आणि खाकीतलं कुणी दारात आलं
की त्यावर टॉवेल टाकते.

भुईमुगात तिसरी रात्र.
गारठा. बॅटरीच्या काचेवर लाल कागद.
दोनच्या सुमाराला ती आली,
हद्दीच्या दगडाशी थांबली:
पुढचे पाय माझ्या रानात,
मागचे सरकारच्या.
माशीवर तिचा खांदा नेमका बसला
आणि कानात साहेबांचा आवाज, कलमामागून कलम.
मागं करवंदीत काहीतरी हललं.
पोरं असतील.
वारा असेल.
परवान्यात वाऱ्याचं काही लिहिलं नव्हतं.

सकाळी दोन वाफे उकरलेले, शेंगांची टरफलं दगडापर्यंत.
भैरू म्हणाला, "चाप अडकला व्हय?"
म्हटलं, "न्हाई.
वाचत हुतो."