भरती चुकलेलं चित्र

मर्डीना वाऱ्याकडे पाठ करून बसते.
कागदाच्या चार कोपऱ्यांवर चार दगड,
पाचवा खिशात, उगाच, सवयीचा.
लुईस बेटाच्या या टोकाला झाड नाही;
वारा अडवायचा तर माणसानेच.

आधी आभाळ. भिजल्या कागदावर
ती करडा रंग सोडते,
सोडतेच, मेंढ्या सोडाव्यात तसा.
तो जातो त्याला हवं तिथे,
खडकाच्या जागेत घुसतो.
ती हाकलत नाही.

आणि मग कोपर लागून बरणी कलंडते.
गोडं पाणी गवत पिऊन टाकतं.
घर दीड मैल, उजेड उरलाय जेमतेम.
गुडघ्यांना एक शिवी हासडून
ती खाली उतरते
आणि समुद्रच भरून आणते बरणीत.

टोरकिल वर येतो,
खेकड्यांचे पिंजरे ओढून ओढून
हात उकडल्यासारखे लाल.
"माझी होडी कुठंय?"
ती बोट ठेवते
तांदळाएवढ्या कोऱ्या जागेवर.
"इथं तर तू काहीच काढलं नाहीस."
"म्हणूनच पांढरी आहे."
तो बराच वेळ बघतो. खाकरतो.
"भरती चुकलीये. तो सुळका
या वेळी पाण्याखाली असतो."
"मी बसले तेव्हा वर होता."

घरी वाळल्यावर
निळ्यात मिठाची फुलं उमटली,
तिने फेस काढलाच नव्हता
तिथेही फेस.
कागद तिने तसाच टांगला,
शेगडीच्या समोरच्या भिंतीवर.

आता नोव्हेंबर.
रोज सकाळी टोरकिल दार न वाजवता येतो,
टोपी काढायच्या आधी
चित्राला अंगठा लावतो,
नेहमी त्याच सुळक्यावर.
कोरडं लागलं तर तसाच माघारी, होडीकडे.
ओलसर लागलं तर
"आज नको," म्हणतो, खुर्ची ओढतो.
रेडिओवरची बाई
हवामानाचं काहीही सांगत असते.

मर्डीना दुसरा कप काढते.
या महिन्यात मिठाला
बरेचदा घाम फुटलाय,
आणि अंगठ्याने पुसून पुसून
सुळका जवळजवळ बुडालाय.
त्याच्या म्हणण्याप्रमाणे
भरती आता बरोबर.

फडताळामागे
मापाची काच आणलेली आहे सप्टेंबरपासून,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
बसवायला काय, चार खिळे.